आडवी मूठ

डिझेलच्या टाकीत किती तेल उरलंय ते बघून मी बॉयलरच्या खोलीत परत आलो, तर माला पाणी दाखवणाऱ्या काचेपाशी उभी होती आणि तिचा हात काचेच्या कॉकवर, म्हणजे तोटीवर, होता.

"काय करायलीस?"

ती दचकली. हात पदराखाली गेला.

"काही नाही. डबा आणलाय."

"डबा काचेवर ठेवतात होय?"

"टेबलावर ठेवलाय. बघा की."

"मग कॉकला हात कशाला?"

"धूळ होती."

लग्नाला बावीस वर्षं झाली होती. त्या बावीस वर्षांत माला माझ्याशी खोटं बोलल्याचं मला आठवत नव्हतं. पण ती काच मी दिवसातून तीन वेळा पुसायचो. तिच्यावर धूळ नव्हती.

माला जवळ आली, जरा जास्तच जवळ. माझ्या तोंडाकडं बघत उभी राहिली. मग म्हणाली, "जेवून घ्या वेळेवर," आणि निघून गेली.

मी काचेकडं पाहिलं. पाणी निम्म्यावर होतं. पंप चालू होता. तो मी चालू केल्याचं मला आठवेना, पण त्या वेळी त्याचा विचार केला नाही. विचार तिच्या हाताचाच केला.

आमच्या तालुक्याच्या गावात ट्रस्टचं एकशेवीस खाटांचं हॉस्पिटल होतं. मी तिथं बॉयलर अटेंडंट होतो. सेकंड क्लास सर्टिफिकेट होतं, तिसऱ्या खेपेला पास झालो होतो. त्या वेळी माला पुस्तक हातात धरून प्रश्न विचारायची आणि मी उत्तरं द्यायचो. ती सातवी शिकलेली. माझ्याइतकंच तिलाही पाठ झालं होतं. ती त्याच हॉस्पिटलच्या लाँड्रीत होती आणि पुढं लाँड्रीची मुकादम झाली.

बॉयलर जुना होता. पाण्याची पातळी दाखवणाऱ्या त्याच्या दोन काचांपैकी एक फुटून महिना झाला होता, नवीन येत नव्हती. पाणी आपोआप भरणारा स्विचही गेला होता. पंप हातानं लावायचा आणि हातानं बंद करायचा. त्यामुळं सगळा भरवसा एका काचेवर आणि माझ्यावर होता. यापुढं हा बॉयलर चालवू देणार नाही असं इन्स्पेक्टर सांगून गेले होते. नवीन घ्यायचा हे नक्की होतं. प्रश्न एवढाच होता की वाफेचा घ्यायचा की गरम पाण्याचा.

त्यासाठी पुण्याहून देशमाने नावाचे सल्लागार इंजिनिअर आले होते. चाळिशीचा, गोरा, हळू बोलणारा माणूस. पाइपाला उलटा हात लावायचा आणि वहीत काहीतरी लिहायचा. पहिल्याच दिवशी मला म्हणाला, "सोनटक्के, तुम्ही सात किलो प्रेशरची वाफ करता आणि तिनं शेवटी काय होतं? पाणी तापतं. तांब्याभर पाण्यासाठी विहीर उपसण्यातला प्रकार."

"वाफेला माणूस लागतो साहेब. गरम पाण्याला बटण लागतं."

"तेच तर म्हणतोय मी," तो म्हणाला आणि हसला.

मला ते हसणं आवडलं नाही. गरम पाण्याच्या बॉयलरला सर्टिफिकेटवाला माणूस लागत नाही, हे मला माहीत होतं आणि त्यालाही. गरम पाणी आलं म्हणजे मी गेलो. हा माणूस तसले बॉयलर विकणाऱ्या कुठल्या तरी कंपनीचा आहे असं मी धरून चाललो.

तीन ठिकाणी वाफ जायची: स्वयंपाकघर, ऑपरेशन थिएटर आणि लाँड्री. तिन्हीकडून मागणीपत्रक मागवलं होतं. वाफच पाहिजे की गरम पाण्यावर भागेल, हे मुकादमांनी लिहून द्यायचं. स्वयंपाकघरानं गॅस चालेल म्हणून दिलं. थिएटरच्या सिस्टरनी विजेवरचं यंत्र चालेल म्हणून दिलं. राहिली लाँड्री. लाँड्रीनं वाफ मागितली तर वाफेचा बॉयलर येणार होता. आणि लाँड्रीत माझी बायको होती. मला काळजी नव्हती.

त्या दिवशी कॉकवर तिचा हात बघितला आणि तिथून काळजी सुरू झाली.

दोनच दिवसांनी लाँड्रीच्या मागच्या दारात माला आणि देशमाने बोलताना दिसले. तो वहीत बघून काहीतरी समजावत होता, ती मान हलवत होती. मला बघताच ती गप्प झाली. तोही वही मिटून "येतो बाई" म्हणाला.

"काय म्हणत होता?"

"चादरी किती निघतात रोज ते विचारत होता."

"त्याला एवढा वेळ लागतो?"

"चादरी लई आहेत," ती म्हणाली आणि आत गेली.

मग त्या शनिवारी दुपारी चारला मी काचेकडं बघितलं. काचेच्या वरच्या आणि खालच्या, दोन्ही कॉकच्या मुठी आडव्या होत्या.

हे जरा सांगावं लागेल. घरातल्या नळाची मूठ पाइपाच्या सरळ रेषेत असली की नळ चालू. काचेच्या कॉकचं उलटं असतं. मूठ खाली लोंबत असली की चालू, पाइपाच्या रेषेत आडवी झाली की बंद. आमच्या धंद्यात हे पहिल्या दिवशी शिकवतात. दोन्ही मुठी आडव्या झाल्या म्हणजे काच बॉयलरपासून तुटली. तिच्यात अडकलेलं पाणी निम्म्यावरच उभं राहतं. बॉयलर आतून कोरडा होत असला तरी काच म्हणत राहते, सगळं ठीक आहे. मग एक वेळ अशी येते की बघायला बॉयलरही राहत नाही आणि बघणाराही. लाँड्री त्या खोलीला लागूनच होती, आणि लाँड्रीच्या वर बाळंतिणींचा वॉर्ड.

मी मुठी खाली केल्या. पाणी सर्रकन उतरून काचेच्या तळाशी गेलं, पण दिसत होतं. पंप लावला.

दुपारी काच मीच साफ केली होती. रोज पावणेदोनला करायचो. दोन्ही कॉक फिरवून वाफेनं काच धुवायची आणि परत मुठी खाली करायच्या. वहीत नोंद होती. म्हणजे माझ्यानंतर कुणीतरी आलं होतं. आमच्या धंद्यातला माणूस असं करणार नाही. ज्याला फक्त घरचा नळ माहीत आहे तो करेल. नाहीतर ज्याला दोन्ही माहीत आहे तो, मुद्दाम.

जुना वाफेचा बॉयलर धोक्याचा आहे असं दिसावं म्हणून कुणीतरी हे करत होतं. फायदा देशमानेचा होता. आणि हात कुणाचा, ते मी डोळ्यांनी बघितलं होतं.

मी घरी काही बोललो नाही. ती झोपल्यावर तिची कपड्यांची पेटी मात्र उघडून बघितली. काय सापडेल असं वाटत होतं कोण जाणे. तिच्या आईचं लुगडं होतं आणि आमच्या मुलीची जुनी पत्रं.

सोमवारी ऑफिसात गेलो तर क्लार्क बिडवे हसत म्हणाला, "सोनटक्केमामा, घरात भांडण झालं का?"

"का?"

त्यानं लाँड्रीचं पत्रक पुढं केलं. मालाचं अक्षर मी ओळखतो. एकच ओळ होती. 'लाँड्रीला गरम पाणी पुरेसे आहे. वाफेची गरज नाही.' खाली सही, रत्नमाला अंबादास सोनटक्के. माझं नाव मधे.

संध्याकाळी मी विचारलं नाही, ओरडलो.

"काय लिहून दिलंस तू?"

"जे आहे ते."

"रोग्यांच्या चादरी गरम पाण्यात निघतात?"

"चांगलं ऐंशी डिग्रीला अर्धा तास फिरवलं की निघतात."

"हे तुला देशमानेनं शिकवलं."

"होय. त्यानंच शिकवलं."

"आणि मी काय करू मग? झाडू मारू?"

ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. "झाडू मारणारी माणसं घरी येतात संध्याकाळी," ती म्हणाली.

ते वाक्य मला टोमणा वाटलं.

गुरुवारी मीटिंग झाली. मुख्य डॉक्टर मुळजकर, ट्रस्टचे दोघं, देशमाने, तिन्ही विभागांचे मुकादम आणि भिंतीपाशी मी. डॉक्टर म्हणाले, "तिन्ही पत्रकं गरम पाण्याच्या बाजूची आहेत. सोनटक्के, तुमचं काही म्हणणं?"

"लाँड्रीचं पत्रक खोटं आहे साहेब."

"म्हणजे?"

"माझी बायको खोटं बोलायलीय."

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. डॉक्टर म्हणाले, "विचार करून बोला."

"विचार करूनच बोलतोय. काचेचे कॉक कुणीतरी बंद करतंय. मला स्वतःला बंद सापडलेत. आणि त्याच्या आधी हिला कॉकवर हात ठेवलेला पकडलंय. दुसऱ्याच दिवशी नाही तर तिसऱ्या दिवशी ही या साहेबांशी दारात बोलत होती. आता तुम्हीच काय ते समजा."

देशमाने उठून उभा राहिला. "हे फार होतंय," म्हणाला. डॉक्टरांनी त्याला हातानं बसवलं आणि मालाकडं वळले.

"रत्नमालाबाई, कॉकला हात लावला होता तुम्ही?"

"लावला होता."

"कशासाठी?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग डॉक्टरांना म्हणाली, "चुकलं माझं."

"बाई, हा गुन्हा आहे. कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय."

डॉक्टरांनी ठरवलं की लाँड्रीचं पत्रक धरायचं नाही, वाफेच्या बॉयलरची मागणी सोमवारी जाईल, मालानं बॉयलरच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, आणि तिच्या नोकरीचं काय करायचं तेही सोमवारीच बघू. मी जिंकलो होतो. बाहेर पडताना लाँड्रीतल्या बायका मालाला वाट देत बाजूला झाल्या, तिचा विटाळ होईल अशा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एवढंच म्हणाली, "डबा आता सोबत न्या. मला तिकडं मनाई आहे."

मी डबा ओट्यावरच ठेवून निघालो. तिच्या हातचं नकोच वाटलं. सकाळची साखरेची गोळी तेवढी घेतली होती. त्या वर्षीच मला साखर निघाली होती.

त्या दिवशी मी खोलीचं दार आतून लावून घेतलं. मागचं दार कधीचंच गंजून बसलेलं. आता कोण येतं बघू, असं म्हणून खुर्ची टाकून बसलो. कुणी आलं नाही. पावणेदोनला काच साफ केली, नोंद केली, बसलो. डोकं जरा हलकं वाटत होतं. घाम येत होता, पण त्या खोलीत घाम रोजचाच.

तीनच्या सुमाराला मी मान वर केली. दोन्ही मुठी आडव्या होत्या.

मी दाराकडं पाहिलं. कडी आतूनच लावलेली होती.

मुठी खाली केल्या. काचेतलं पाणी खाली गेलं आणि दिसेनासं झालं. पाणी दिसत नसेल तर पंप लावायचा नाही, आधी आग बंद करायची. तापलेल्या लोखंडावर पाणी पडलं की संपलं. माझ्या हातांनी आग बंद केली. मग मी भिंतीला टेकून खाली बसलो.

बराच वेळ मी माणूस शोधत होतो. छपरातून, खिडकीतून, कुठूनही. मग नोंदवही ओढली. पावणेदोनची ओळ वाचली. 'काच साफ केली, पातळी पातळी निम्मी.' अक्षर माझंच, पण ओळ घसरत पानाच्या कोपऱ्यात गेली होती आणि 'पातळी' दोनदा लिहिलं होतं. मी मागची पानं उलटली. सकाळच्या ओळी सरळ होत्या. दुपारच्या ओळी महिनाभर अशाच घसरत चालल्या होत्या.

उठलो. तसाच डॉक्टरांकडं गेलो.

"साहेब, काल जेवढी माणसं होती तेवढी बोलवा."

"काय झालं?"

"तेवढी सगळी बोलवा. मग सांगतो."

वाफ गेल्यामुळं लाँड्री बंद पडलीच होती. माला आली. देशमाने गेस्ट हाऊसवर होता, तोही आला. ट्रस्टचे एकच सापडले. मी उभा राहून सांगितलं की दार आतून बंद होतं, आत मी एकटा होतो, आणि मुठी आडव्या झाल्या. कॉक मीच बंद करतो आणि मला ते कळत नाही. घरच्या नळासारखा फिरवतो. बायकोनं हात लावला तो बंद कॉक उघडायला लावला असणार. पंपही तिनंच लावला असणार. काल मी जे बोललो ते खोटं होतं.

"गप्प बसा हो!" माला ओरडली. तिला सगळ्यांसमोर ओरडताना मी पहिल्यांदाच बघितलं. "मी काय उगीच ऐकून घेतलं काल? कशाला सांगायलाव?"

डॉक्टर माझ्या चेहऱ्याकडं बघत होते. "सोनटक्के, जेवलात का?"

"नाही."

"गोळी घेतली?"

"सकाळी सातला. जेवण रोज अडीचला."

त्यांनी सिस्टरला बोलावून माझ्या बोटाला सुई टोचायला लावली. आकडा चव्वेचाळीस आला, सत्तरच्या वर पाहिजे होता. ग्लासभर साखरपाणी माझ्या हातात दिलं आणि प्यायला लावलं. "गोळी सातला आणि जेवण अडीचला. साखर पडते तुमची रोज. अशा वेळी हात नेहमीची कामं करत राहतात, पण माणूस तिथं नसतो. नंतर आठवतही नाही."

"म्हणजे बरं होतं हे?" मी विचारलं.

"होतं ना. वेळेवर खा. नोकरी जायचं काही कारण नाही."

देशमाने तोवर बोलला नव्हता. आता म्हणाला, "बाई माझ्याशी काय बोलायच्या ते सांगू का? गरम पाण्याच्या बॉयलरला माणूस ठेवतात का, आणि ठेवला तर तो जुनाच ठेवता येतो का. चार वेळा हेच विचारलं त्यांनी. मी म्हटलं होतं, अहवालात तसं लिहितो."

मी साखरपाणी संपवलं. डॉक्टर म्हणाले, "मग वाफेचं काय करायचं? गरम पाण्याला तुमची हरकत होती. आता तुम्ही ठीक आहात."

"गरम पाण्याचा घ्या साहेब."

"नक्की?"

"मी वेळेवर खाईन. माझ्यानंतरचा माणूस काय करेल, मला काय माहीत? वर बाळंतिणी आहेत."

संध्याकाळी आम्ही चालत घरी निघालो. नेहमी ती माझ्या दोन पावलं मागं चालायची, त्या दिवशी पुढं चालत होती. बसस्टँड ओलांडल्यावर मी म्हणालो, "तुला कळलं होतं तर डॉक्टरकडं का नाही नेलंस?"

"साखर अशी पडते, हे मला काय ठाऊक?"

"मग तुला काय वाटलं होतं?"

ती थांबली.

"मला वाटलं तुम्ही प्यायला लागलात."

"मी?"

"दुपारी बोलणं जड व्हायचं तुमचं. डोळे कुठंतरी असायचे. डबा द्यायच्या निमित्तानं मी तोंडाचा वास घ्यायला यायची. वास काही येईना. मग वाटलं, वास न येणारं काहीतरी असेल. पेटी बघितली तुमची. दोनदा."

मला हसू आलं आणि ते मधेच अडकलं.

"पिणारा माणूस वाफेवर नको. एवढंच माझ्या डोक्यात होतं. पिऊन चूक केली असं वर गेलं असतं तर सर्टिफिकेट काढून घेतलं असतं. सगळ्या गावात झालं असतं. लाँड्रीला वाफ नको म्हटलं तर कुणाचं काय जातं?"

"मला विचारायचंस की."

"माझ्या बापाला आई रोज विचारायची. विचारलं की तो खोटं बोलायचा. एकदा खोटं बोलला की ते निभवायला अजून प्यायचा." ती पुन्हा चालायला लागली. मग मान न वळवता म्हणाली, "आणि तुम्ही तरी मला कुठं विचारलंत? सरळ मीटिंगमधे सांगितलंत."

गरम पाण्याचा बॉयलर चार महिन्यांनी आला. एका कोपऱ्यात मावला, आवाजही फारसा नव्हता. सकाळी बटण दाबायचं आणि संध्याकाळी बंद करायचं. राहिलेला वेळ मला लाँड्रीत दिला. चादरीचं एक टोक माझ्याकडं, दुसरं मालाकडं. मुकादम ती, मी हाताखालचा. "अहो, कोपरा सरळ धरा," असं सगळ्यांसमोर म्हणायची. बायका हसायच्या. नऊ वर्षं असं चाललं.

दोन वर्षांपूर्वी तिला तिथंच तिसऱ्या मजल्यावर दाखल केलं. मुळजकर डॉक्टर रिटायर झाले होते. नवीन डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन सांगितलं आणि म्हणाले, "बाईंना एवढ्यात कळू देऊ नका. बळ जातं माणसाचं." मुलगीही तेच म्हणाली. मी आत गेलो.

माला उशीला टेकून बसली होती. अंगावर आमच्याच लाँड्रीची चादर. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

"काय म्हणाले?"

मी स्टूल ओढून बसलो.

"विचारतेय मी," ती म्हणाली.

मी सांगितलं. किती दिवस राहिलेत, ते पण सांगितलं.

तिनं ऐकून घेतलं. मग जरा सरकली आणि मला खाटेवर जागा करून दिली.